वनभोजन करा, वनाचे भोजन करू नका!

मार्गशीर्ष लागला, तुरीच्या शेंगा भरल्या, वांगी उतरू लागली की आपल्या वऱ्हाडात माणसाचा पाय घरात ठरत नाही. कुणाचा मारोतीला नवस असतो, कुणाच्या वावरातल्या महादेवाला रोडग्यांचा निवद असतो, कुणाकडे सोयरे आलेले असतात. मग कणीक, वांगी, गोवऱ्या, गंज-बगुणे घेऊन सगळा गोतावळा झाडाखाली. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात रोडगे भाजायचे, एका चुलीवर वरण, दुसरीवर वांग्याची झणझणीत भाजी, आणि पत्रावळीवर पंगत. कार्तिकात आवळीखालचे जेवण, हुरड्याच्या दिवसांत हुरडा, शाळेच्या पोरांची सहल, ही आपली जुनी रीत. शहरातल्या लोकांनी तिला पिकनिक म्हणावे, आपण वनभोजन म्हणतो. वर्षभर मातीत राबणाऱ्या माणसाला एक दिवस सावलीत मोकळे बसावेसे वाटले तर त्यात वाईट काय? तो त्याचा हक्कच आहे.

शेतकरी बंधूंनो, प्रश्न वनभोजनाचा नाही, जागेचा आहे. पूर्वी प्रत्येक गावाला आमराई होती, चिंचेचा मळा होता, नाल्याकाठी निंबाची रांग होती. आमराया वाटण्यांत तुटल्या. रस्त्याकाठचे जुने निंब रुंदीकरणात गेले. रस्ता गुळगुळीत झाला, पण त्यावर दुपारी बारा वाजता बैलगाडी उभी करायला सावली राहिली नाही. माणसे मात्र वाढली, गाड्या वाढल्या, हौसही वाढली. मग ही माणसे जातात कुठे? जिथे झाड दिसेल तिथे. कुणाच्या धुऱ्यावर, धरणाच्या काठावर, डोहावर, नाहीतर थेट अभयारण्याच्या हद्दीत. आणि मागे काय ठेवतात, ते वावरात गेल्याशिवाय कळत नाही.

वरवट बकाल हे चौफुलीचे गाव. खिरोड्याचा पूल ओलांडला की शेगाव, इकडे टुनकी-सोनाळा आणि त्यामागे सातपुडा, तिकडे संग्रामपूर-जळगाव जामोद, दुसरीकडे तेल्हारा. माघ वद्य सप्तमीला गजानन महाराजांचा प्रकटदिन आणि ऋषिपंचमीला पुण्यतिथी. या दिवसांत शेगावकडे जाणाऱ्या पायी दिंड्यांचा रस्त्यांवर ओघ लागतो. पावसाळा लागला की सातपुड्याचा हिरवा डोंगर बघायला, वारीच्या हनुमानाला आणि वान धरणावर जाणाऱ्या गाड्यांची रांग. म्हणजे येणारे-जाणारे बाराही महिने. पण या माणसांना बसायला, चूल मांडायला, रात्रीपुरते पाल ठोकायला हक्काची सावलीची जागा ह्या पट्ट्यात किती गावांनी राखली आहे? आपल्या गावाचेच नाव घेऊन बघा.

निंबाच्या बुडाशी चूल

रस्त्याकडेच्या एखाद्या मोठ्या निंबाकडे जरा नीट बघा. बुडाशी तीन दगड मांडलेले, साल काळी पडलेली, एका अंगाने खोड पोकळ. आडोसा मिळतो म्हणून जो तो खोडालाच चूल टेकवतो. एका पंगतीने झाड मरत नाही. पण दर आठवड्याला जाळ लागला तर साल मरते आणि पानांतले अन्न मुळांकडे नेणारा रस्ताच बंद होतो. मग एक दिवस वादळात झाड आडवे होते आणि आपण म्हणतो, जुने झाड होते, पडले. जुने नव्हते, भाजलेले होते! कुणी हटकलेच तर उत्तर तयार असते, "झाड का तुह्या बापाचं हाय?" बापाचे नाही हे खरे. म्हणूनच ते सगळ्यांचे आहे.

दुसरी गोष्ट शेतकऱ्याच्या खिशाची. पूर्वी पत्रावळ पळसाची होती, द्रोण पानाचा होता. जेवण झाले, उष्टे जनावरांनी खाल्ले, पत्रावळ मातीत गेली. आता थर्माकोलची ताटे, प्लास्टिकचे पेले आणि पाण्याच्या बाटल्या. राज्य सरकारने मार्च २०१८ मध्ये अधिसूचना काढून थर्माकोलच्या आणि प्लास्टिकच्या ताट-वाट्यांवर बंदी घातली. बंदी कागदावर आहे, ताटे धुऱ्यावर आहेत. वाऱ्याने ती कपाशीत शिरतात. भाजीचा वास लागलेली पिशवी गाय अख्खी गिळते, आणि पोट फुगून मेलेल्या गायीचा पंचनामा कोणत्याच योजनेत बसत नाही. सर्वात वाईट म्हणजे दारूच्या बाटल्या. बाटली दगडावर फोडायची, ही कुठली मर्दुमकी? ती काच डवरणीच्या वेळी बैलाच्या खुरात जाते. ऐन हंगामात बैल लंगडला तर भाड्याने ट्रॅक्टर बोलवावा लागतो. हौस एकाची आणि दंड दुसऱ्याला!

तिसरी गोष्ट जिवाची. वारी भैरवगडचा मामा-भाच्याचा डोह आपल्या भागात कुणाला ठाऊक नाही? तिथे पोहायला उतरलेली तरणीताठी पोरे बुडून गेली आहेत. सहलीला म्हणून घरून निघालेले पोर परत येते ते झाकलेले. डोहाच्या काठावर पाटी असते, पाटी वाचून कुणी थांबत नाही. पोरांना नुसते "जाऊ नका" म्हणून भागत नाही, "इकडे या" म्हणायला दुसरी जागा लागते. शिवाय हेही ध्यानात ठेवा, की संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांतल्या १४० गावांची पिण्याच्या पाण्याची योजना ह्याच वान धरणावर उभी आहे. खारपाण पट्ट्यात राहणाऱ्याला गोड्या पाण्याचे मोल सांगायला नको. ज्या पाण्यावर आपल्या लेकरांची तहान भागते, त्याच्याच काठावर आपण उष्टे टाकून येतो.

वाघासाठी ज्यांनी घर सोडले

आता सातपुड्याचे बघू. अंबाबरवा अभयारण्य आपल्याच संग्रामपूर तालुक्यात आहे. १९९७ मध्ये ते जाहीर झाले, क्षेत्र सुमारे १२७ चौरस किलोमीटर, आणि आज ते मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. या जंगलातल्या आदिवासी कुटुंबांचे पुनर्वसन झाले. पिढ्यान् पिढ्यांचे घर, देव, वावर सोडून ती माणसे खाली आली. कशासाठी? तर जंगल शांत राहावे, वाघ-बिबट्याला जागा मिळावी म्हणून. ज्या जंगलासाठी कुणी आपली चूल विझवली, तिथे आपण गाडीतून जाऊन दुसरी चूल पेटवायची आणि वरून मोठ्याने गाणी लावायची, हे कोणत्या न्यायात बसते?

कायदाही स्पष्ट आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे अभयारण्यात परवानगीशिवाय शिरता येत नाही, आणि तिथे आग लावणे हा गुन्हा आहे. राखीव जंगलात विस्तव पेटवण्याला १९२७ चा भारतीय वन कायदाही मनाई करतो. वनखाते १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरते. या दिवसांत सागाची पाने गळून जमिनीवर थर साचतो. विझवली समजून सोडलेल्या चुलीतली एक ठिणगी वाऱ्याला लागली तर डोंगर पेटतो. मोहफुले, तेंदूपाने, चारोळी यांच्यावर ज्यांची चार महिन्यांची गुजराण चालते, त्यांचे ताट जळते. आपले जेवण होते एका तासाचे.

ज्याला जंगल बघायचे आहे त्याने परवाना काढून, वनखात्याच्या वाटेने, त्यांच्या वेळेत जाऊन बघावे, समाधानाने परत यावे. पण जेवणे, झोपणे, पोरांचे खेळणे, गाणी-भजने जंगलाबाहेर झाली पाहिजेत. जंगलाबाहेर म्हणजे कुठे? तर गावच्या स्वतःच्या छोट्या वनात. आमचे म्हणणे एवढेच आहे. शेगाव ते सातपुडा या रस्त्यावरच्या गावांनी, आणि चौफुलीचे गाव म्हणून वरवट बकालने सर्वांत आधी, रस्त्याकडेला दोन एकरांचे का होईना, झाडांचे पडाव उभे करावे.

पडाव ही परदेशी कल्पना नाही

काही जण हसतील. म्हणतील, तंबू ठोकून राहणे हे गोऱ्या साहेबाचे काम, आपल्याला काय त्याचे? मग दिंडीतला वारकरी रात्री कुठे झोपतो? काठेवाडी गायी घेऊन येतो तेव्हा कशात राहतो? मेंढ्या बसवायला आलेला धनगर आपल्या वावरात पालच ठोकतो ना? पाल, तळ, पडाव हे शब्द आपलेच आहेत. आता शहरातली पोरे रंगीत कापडाचा तंबू पाठीवर घेऊन येतात, एवढाच फरक.

आणि सरपंच साहेब, हे कायद्यालाही माहीत आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, हिचे कलम २२ काढून वाचा. सरकारी जमीन कोणकोणत्या कामासाठी राखून ठेवता येते त्याची यादी त्यात दिली आहे. गुरांची मोफत चराई, वैरण, दफनभूमी, गावठाण, खळवाडी, बाजार, रस्ते, उद्याने, आणि ह्याच यादीत मुक्कामाचा तळ, म्हणजे पडावही आहे! म्हणजे कायदा करणाऱ्याने खळ्याइतकीच पडावाची गरज गावाला धरली होती. आपण खळे विसरलो, पडावही विसरलो. ग्रामपंचायतीच्या कामांच्या ग्रामसूचीतही रस्त्याकडेला आणि सार्वजनिक जागी झाडे लावणे व ती जगवणे हे काम दिलेले आहे. तेव्हा "हे आमच्या अधिकारात येत नाही" ही सबब चालणार नाही.

रीत साधी आहे. ग्रामसभेत ठराव घ्यायचा. तलाठ्याकडून (२०२४ पासून त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) जागेचा सातबारा आणि नकाशा घ्यायचा. तहसीलदारांमार्फत प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवायचा. जागा राखून ठेवण्याचा अधिकार त्यांचा आहे, त्यांच्या मंजुरीआधी एक खड्डाही खोदायचा नाही. रस्त्याच्या हद्दीला लागून काम असेल तर बांधकाम खात्याचीही लेखी परवानगी घ्यावी.

दोन एकरांत काय करायचे?

मोठे बांधकाम मुळीच नको. कमानी, कारंजी, सिमेंटचे हत्ती-हरिण यांत पैसा जातो आणि सावली पडत नाही. झाडे हीच इमारत.

निंब, करंज, चिंच, बाभूळ, बोर, कवठ, पळस ही आपल्या काळ्या जमिनीत टिकणारी झाडे लावा. निंब-करंज पाच-पाच मीटरवर लावले तर एकरी साधारण १६० झाडे बसतात. चिंचेला याच्या दुप्पट अंतर ठेवा. मधे पालांसाठी मोकळी जागा सोडा. गुलमोहर दिसायला छान, पण वादळात फांदी मोडते, त्याच्याखाली माणूस झोपवू नका. सुबाभूळ शेजाऱ्याच्या वावरात पसरते, ती नको. खड्डे उन्हाळ्यात, लागवड चांगला पाऊस पडल्यावर, आणि भोवती गुरे अडतील असा चर व त्याच्या मातीवर सागरगोटीचे कुंपण. पहिली तीन वर्षे राखण केली तर पुढे झाड आपले आपण बघते.

राखणीचीच खरी गोम आहे. २०१६ पासून २०१९ पर्यंत राज्यात आधी २ कोटी, मग ४ कोटी, १३ कोटी, ३३ कोटी अशा वृक्षलागवडीच्या मोहिमा झाल्या. आपल्या गावच्या वाट्याला आलेल्या झाडांतली किती उभी आहेत, ती एकदा मोजा. पुष्कळ गावांत दरवर्षी झाड नवे आणि खड्डा जुनाच! म्हणून आधी राखणदार ठरवा, मग रोपे आणा.

चुलीसाठी झाडाच्या खोडापासून निदान पंधरा फुटांवर दगडी ओटे बांधा. चूल तिथेच, दुसरीकडे नाही. राख टाकायला एक खड्डा, उष्ट्याला एक खड्डा. पाण्याची टाकी हवी. आणि सर्वांत महत्त्वाचे, बायांसाठी दार-कडी आणि पाणी असलेली संडासे. पायी दिंडीत बायाही पुष्कळ असतात. दिवसभर चालणारी माउली आडोसा मिळत नाही म्हणून पाणी पिणे टाळते, हे आपण पुरुषांनी कधी विचारातच घेतले नाही. पडावात दुसरे काही नाही झाले तरी चालेल, पण ही सोय झालीच पाहिजे.

पालांची जागा उंचवट्यावर ठेवा. नाल्याच्या पात्राजवळ गारवा असतो म्हणून तिथे कुणालाही मुक्काम करू देऊ नका. २२ जुलै २०२३ रोजी संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत पाण्याने काय केले ते आपण डोळ्यांनी बघितले आहे. कोरडा नाला किती वेळात नदी होतो, हे बाहेरच्या पाहुण्याला ठाऊक नसते. ते त्याला सांगणे गावाचे काम.

हरकती आणि उत्तरे

पहिली हरकत ई-क्लासची. ई-क्लास जमीन गुरांची आहे, तिच्यावर सहली कशाला? ही हरकत रास्त आहे. चराई आधीच आटली आहे. जी थोडी ई-क्लास उरली ती अतिक्रमणात आहे, आणि त्यातही मोठ्यांचे अतिक्रमण झाकून गरिबाच्या झोपडीकडे बोट दाखवायची आपली सवय आहे. म्हणून चांगल्या चराईला आणि भूमिहीनाच्या घराला हात लावू नका. रस्ता सरळ केल्यावर बाजूला पडलेला जुन्या रस्त्याचा तुकडा, गावतळ्याची पाळ, पडीक मुरमाड कोपरा, अशी जागा शोधा. झाडांखालचे गवत कापून नेण्याचा हक्क भूमिहीन गुरेवाल्यांना द्या. सावलीही होईल, वैरणही मिळेल.

दुसरी हरकत, दारूडे येतील. येतात तर आजही, फक्त तुमच्या धुऱ्यावर बसतात. उलट एका ठरलेल्या जागी, राखणदाराच्या नजरेखाली, बाटली काढणे अवघड जाते. बाटली दिसली की बाहेर, रात्री दहानंतर भोंगा बंद, ही पाटी दारातच लावा आणि गावच्या बायांच्या हाती तिची अंमलबजावणी द्या.

पुणे जिल्ह्यात पवना धरणाच्या काठावर गावच्या पोरांनी तंबूंचा धंदा उभा केला. हाताला काम मिळाले ही गोष्ट चांगली. पण तंबू वाढत गेले आणि आवाज, कचरा, पाण्यातले अपघात यांचीच चर्चा पुढे होऊ लागली. भंडारदऱ्यात काजवे बघायला इतकी झुंबड उडू लागली, की काजवेच गाड्यांच्या उजेडाने आणि पायांखाली संपतात की काय अशी भीती झाली, आणि वनखात्याला निर्बंध घालावे लागले. यातून शिकायचे ते हे, की नियम आधी आणि माणसे नंतर. किती पाले मावतात तो आकडा ठरवा, त्यावर एकही नको.

तिसरी हरकत पैशाची. इथे परदेशातले एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. अमेरिकेत १९२९ मध्ये मोठी मंदी सुरू झाली, तरणी पोरे बेकार झाली. तिथल्या सरकारने १९३३ मध्ये त्यांच्या हाती कुदळ-फावडे दिले. महिना ३० डॉलर मजुरी, त्यातले बहुतेक पैसे परस्पर घरी. १९४२ पर्यंत सुमारे ३० लाख तरुणांनी अब्जावधी झाडे लावली, आणि लोकांना बसायला, जेवायला, मुक्कामाला शेकडो उद्याने उभी केली. त्यांतली कितीतरी आजही चालू आहेत. आपल्या महाराष्ट्राला हे नवे नाही. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीवर माणसांनी तलाव खोदले, रस्ते केले, ते अजून उभे आहेत. मजुरीच्या पैशातून सावली उभी करता येते. खड्डे, चर, लागवड, तीन वर्षांची राखण ही सगळी हाताची कामे आहेत. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी (आपल्या तोंडी अजून ग्रामसेवकच!) ती रोजगार हमीच्या आराखड्यात बसवावी.

मिळकत किती होईल? खोटी आशा दाखवणार नाही. यातून गाव श्रीमंत होणार नाही. समजा पालाला रात्रीचे शंभर रुपये आणि गाडीला वीस रुपये ठेवले, तर राखणदाराचा पगार आणि साफसफाई हंगामात निघावी, एवढाच हिशेब धरा. दिंडी आणि शाळेची पोरे यांना फुकट. खरा फायदा आजूबाजूला आहे. गोवऱ्या, वांगी, ताक, हुरडा, बोरे, सोनाळ्याकडची संत्री, सांगितल्यावर रोडगे भाजून देणारा बचत गट. अडत्याच्या दारात जे वांगे मातीमोल जाते, ते पडावाच्या दारात रास्त भावाने विकले जाईल. ज्या शेतकऱ्याची स्वतःची आमराई किंवा संत्रा-बाग रस्त्याला लागून आहे, त्यालाही मार्ग मोकळा आहे. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आले आहे, त्यात पर्यटन खात्याकडे नोंदणी करता येते.

राहिला प्रश्न, हे करणार कोण? आमदार निधीची वाट बघत बसाल तर आधी कमान येईल, त्यावर नावे येतील, आणि झाडे येणारच नाहीत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, ग्रामसभेच्या या तारखा ठरलेल्या आहेत. येत्या ग्रामसभेत घरकुलाच्या यादीचा गोंधळ संपला की एकाने उठावे आणि विचारावे, "सरपंच साहेब, आपल्या गावच्या शिवारात पडावाले जागा हाये का नाही?" नकाशा तिथेच उलगडायला लावा. जागा निघेल. दोन एकर नाही तर अर्धा एकर निघेल. अर्ध्या एकरात पन्नास निंब तर बसतात!

तोवर एवढे करा. रोडग्यांचा बेत असेल तर स्वतःच्या किंवा सोयऱ्याच्या वावरात करा, मालकाला विचारून करा. चूल खोडापासून दूर मांडा, उठताना तिच्यावर पाणी ओता आणि राखेत हात घालून बघा, गार झाली का. पत्रावळ पळसाची आणा. पोरांना डोहात उतरू देऊ नका. निंब मोठा व्हायला सहा-सात वर्षे लागतात. यंदा लावला तर आज पहिलीत गेलेले पोर आठवीत जाईल, तेव्हा त्याच्या शाळेची पंगत त्या सावलीत बसेल. यंदा नाही लावला तर तीही पंगत भाजलेल्या खोडाखालीच बसायची.